नको ते खोडावे

धुळ्यातल्या देवपूरच्या शाळेच्या पायरीवर मी अडखळले आणि हातातली काचेची हंडी सुटली... पण खाली पडायच्या आत ती कुणीतरी झेलली. खानदेशातल्या विज्ञान शिक्षकांच्या मंडळाची ही एकुलती एक हंडी, प्रयोगासाठी शाळाशाळांतून फिरणारी!

"पकड चांगली आहे तुमची," मी म्हटलं.

"काचेपुरती," असं म्हणून ते लाजले.

हे अभिमन पाटील, मंडळाचे चिटणीस. मूळचे वरणगावचे, शिकवायला धुळ्यात. पुढे मंडळाची सामानाची पेटी माझ्या जळगावच्या शाळेत आली की तिच्यात त्यांची चिठ्ठी असायची. 'चुंबक जपून वापरा, फार ओढतो.' मी उत्तर लिहायची, 'ओढ जाणवली.'

मग अचानक चिठ्ठ्या बंद. दोन महिने पेटीत नुसती सामानाची यादी! मी काय घोडं मारलं होतं यांचं? आजच्या बैठकीतही ते माझ्याकडे बघेनात. आणि एदलाबादहून मला सांगून आलेल्या स्थळाला काय कळवायचं, ते मला आज घरी जाऊन भाऊंना, म्हणजे वडिलांना, सांगायचं होतं. शेवटी जेवणाच्या सुट्टीत मी पाटलांना व्हरांड्यात गाठलंच.

"चिठ्ठ्या का थांबवल्यात?"

"लताबाई... तुमच्या यजमानांना बरं वाटलं नसतं."

"माझ्या कुणाला?"

त्यांनी फायलीतून माझा सभासदत्वाचा अर्ज काढला. "नवी यादी करताना पाहिला." वर छापलं होतं – श्री./सौ., नको ते खोडावे. मी 'श्री.' खोडलं होतं.

"अहो, यात 'कुमारी' आहे कुठे? मी काय श्रीयुत राहू?"

ते अर्जाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "म्हणजे... नाही?"

"नाही!"

त्यांनी अर्ज बाकावर ठेवला आणि ते मोकळं हसले. मला तर इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले.

"चला बाई, बठ्ठा मास्तर जेवाले बसनात!" भटू शिपायाने हाक मारली. सगळे जेवायला बसले होते, आम्ही दोघं मात्र हललो नाही.

"चूक माझीच, अर्ज मीच छापून घेतले." त्यांनी खिशातून पेन काढलं. "आत्ता दुरुस्त करतो."

मी पेनवर हात ठेवला. "राहू द्या तसाच. पुढच्या रविवारी तुमच्या आईंना घेऊन जळगावला या, भाऊंना भेटा... आणि अर्ज खरा करा."

"पुढचा रविवार..." ते कसेबसे म्हणाले, "लांब आहे हो. उद्या आलो तर?"

"या," मी म्हटलं. एदलाबादला नकाराचं कार्ड भाऊ सकाळीच टाकतील, तेवढं मी बघणार होते.