पुण्यानुमोदनाचा फोटो

माणूस मेल्यावर किती वेळानं त्याच्यावर फुलपाखरं बसायला लागतात? हे मी डॉक्टरला विचारलं, पोलिसाला विचारलं. ज्या कापूस वेचणाऱ्या बाईला तो आधी दिसला, तिलाही विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

प्रशील माझा मोठा भाऊ. धुळ्याला गोदामात कामाला होता. रविवारी शिंदखेड्याला घरी आला की कॅमेरा घेऊन नदीकाठानं हिंडायचा. पाखरं, टोळ, भुंगे, जे दिसेल ते टिपायचा. पाऊस संपून गवत पिवळं पडलं की त्याला घरात करमायचं नाही. फुलांवर न जाणारी काही फुलपाखरं असतात, त्यांच्यासाठी त्याची एक रीत होती. सडकी पपई आणि गूळ बादलीत चार दिवस कुजवायचा, कांद्याच्या जाळीदार पिशवीत भरून बाभळीला टांगायचा आणि खाली बसून राहायचा.

पिशवी उचलायचं काम माझं. त्या रविवारी तिच्यातलं पाणी माझ्या बाहीत गेलं. कोपरापर्यंत चिकट ओघळ, आणि त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. मला जागीच उलटी झाली.

"तुझं सडकं तूच उचल," मी ओरडलो.

"जीवन, फुलपाखरू म्हणजे तुला काय नवरी वाटली? घाणीवरच बसतं ते," तो हसत म्हणाला.

मी पिशवी तिथंच टाकून घरी आलो. तो तिकडूनच बस धरून धुळ्याला जाणार होता, म्हणून कोणी शोधलं नाही. मंगळवारी बाभळीखाली सापडला. पायाला घोणस चावली होती. डॉक्टर म्हणाले, रविवारी संध्याकाळीच गेला.

पुण्यानुमोदनाला भंतेजी यायचे होते, हार घालायला फोटो हवा. घरात त्याचा एकही धड फोटो नव्हता. तो कायम कॅमेऱ्याच्या मागे.

"त्याना कॅमेरामा दख ना रे," माय म्हणाली. तिनं तीन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

पाहिलं. टोळ, चतुर, वेडा राघू, पुन्हा टोळ. आणि सगळ्यात शेवटी तो.

बाभळीला टेकून बसलेला. समोरून, जवळून काढलेला. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर वाळक्या पानांसारखी तपकिरी फुलपाखरं, एकाला एक चिकटून. त्यांच्या बारीक काळ्या सोंडा त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत गेलेल्या. एक ओठांच्या फटीत अर्धं आत शिरलेलं. फोटोवर वेळ होती... सोमवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

कॅमेरा सापडला तेव्हा त्याच्या पाठीमागे दबलेला होता. कॅमेऱ्याच्या बॅगेत. चेन लावलेली.

पोलीस म्हणाला, घड्याळ चुकलं असेल. मी मोबाईलशी लावून पाहिलं. मिनिटाचाही फरक नव्हता.

दुसरा फोटोच नव्हता. मग बसस्टँडजवळच्या हिलालच्या स्टुडिओत गेलो. फोटोत मेलेल्या माणसाचे डोळे उघडून देतो, अंगावर कोट चढवतो, त्याचं ते रोजचंच.

"निळा कोट देऊ का राखाडी?" त्यानं विचारलं. मग फोटो मोठा केला आणि नाकाला रुमाल लावला. कॉम्प्युटरवरच्या फोटोला कसला वास येणार? पण त्यानं रुमाल काढला नाही.

एकेक फुलपाखरू तो पुसत गेला. प्रत्येकाखाली चेहरा ओला होता. चाटून ठेवल्यासारखा. मी स्टुलावर बसून एकेक मोजत राहिलो. ओठांतलं शेवटचं पुसायला हिलालला बराच वेळ लागला.

"फोटो कोणी काढला रे?"

"का?"

"छातीवर काढणाऱ्याची सावली पडलीये. हे बघ डोकं, हे खांदे..." तो थांबला. "कॅमेरा धरला की हात वर येतात. याचे दोन्ही खाली लोंबताहेत... गुडघ्याच्याही खाली."

मी स्टूल मागे सरकवलं.

"पुसू?"

"पूस."

हिलालनं पैसे घेतले नाहीत. फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून दिली आणि मी पायरी उतरायच्या आत शटर ओढलं. दुपारचे साडेबारा झाले होते.

घरी माय फ्रेम मांडीवर घेऊन बसली. निळा कोट, उघडे डोळे. तिनं काचेवरून हात फिरवला.

"कव्हयना शे हाऊ?"

"त्या रविवारचाच. शेवटचा."

"कोनी काढा?"

शेजारच्या यशोदाबाईनं भाताचं ताट आणलं होतं. ते तसंच पुढ्यात होतं.

"मी काढला, माय."

"तू तं त्याले सोडीसन घर उना व्हता ना...?"

"परत गेलो होतो. बसलो त्याच्याजवळ."

मायनं फ्रेम भिंतीला टेकवून ठेवली.

"मंग एकला नही व्हता तो," ती म्हणाली.

नव्हताच. तेवढं मला माहीत होतं. मी मान हलवली, भात कालवला आणि पहिला घास तिच्या तोंडात घातला.