झेंड्याला काच लावली त्याची गोष्ट

दिग्रसच्या बाजारात मी कांचळीला, आमच्या बंजारा चोळीला, लावायच्या काचा निवडत होते. शेजारच्या दुकानात एक तरुण बगलेत केशरी आणि पांढरी खादी धरून हिरव्यासाठी हुज्जत घालत होता. मला राहवलं नाही.

"एवढ्या रंगांची गोधडी कोणासाठी, भाऊ?"

तो दचकला, मग हसला. "गोधडी नाही, झेंडा आहे. नव्या शाळेचा. शिवणारं कोणी भेटून नाही राह्यलं..."

"मंग मी काय मेली?"

शाळा निघाली आमच्याच तांड्यावरची! तो नवा गुरुजी, सेवादास पवार. मी तांड्याच्या प्रमुखाची, म्हणजे नायकाची पोर जमनी, राठोडांची. पवार म्हटल्यावर राठोडांशी सोयरीक जुळते, असं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

पंधरा ऑगस्ट जवळ आला होता. साल एकोणसाठचं. शाळेच्या ओसरीवर मी पट्टे जोडत होते, तो पांढऱ्यावर पेन्सिलीने चक्र काढत होता.

"गुरुजी, यात लाल काहून नाही? लालाबिगर शुभ कसं?"

"होता ना. इंग्रजांच्या टायमाले पहिले लालच होता, अन् मधात चरखा. मंग लालाचा केशरी झाला, चरख्याच्या जागी चक्र आलं."

"म्हणजे झेंड्याचंबी मन बदलते म्हणा!"

"बदलते... माणसाचं नाही बदलत." एवढं बोलून तो पेन्सिलीचं टोक बघत बसला. टोक चांगलं होतं. मला हसू दाबता येईना.

निळ्या दोऱ्याने चक्र भरलं, पण मधोमध ओकंबोकं वाटत होतं. काचेशिवाय कशिदा पुरा होतो का कधी? मी तिथे एक गोल काच बसवली. गुरुजीने झेंडा उलगडला आणि कपाळाला हात लावला.

"जमने, हे काय केलं?"

"नजर लागू नाही म्हणून."

"देशाले?"

"देशालेच तर जास्त लागते!"

तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. पण नियम म्हणजे नियम, झेंड्यावर चक्राशिवाय दुसरं काही चालत नाही म्हणे. मी टाके उसवले, त्याने कापड ताणून धरलं. बोटाला बोट लागलं... दोघांनीही हात मागे घेतला नाही.

त्याच संध्याकाळी बाने त्याला घरी बोलावलं. मी दाराआड होते.

"गुरुजी, तुमी शिकलेले. महागावचं स्थळ आलं जमनीले. देऊ का?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "चांगलं घर आहे, नायक."

"मंग उद्या झेंडा झाला का होकार कळवतो."

एवढा कसा भित्रा हा माणूस! रडूही आलं आणि रागही.

सकाळी झेंडा चढला. सगळा तांडा जमला होता. बा म्हणाले, "गुरुजी, रंगाचा अर्थ सांगा."

"केशरी म्हणजे त्याग. हिरवा म्हणजे आपली माती, आपलं पीक. चक्र म्हणजे थांबायचं नाही..."

"अन् पांढरा? तो सुटला ना."

गुरुजी वर बघत राहिला.

"पांढरा म्हणजे सत्य, नायक. अन् मी काल तुमच्याशी खोटं बोललो. महागावचं घर चांगलं असंन. पण जमनी तिथं जाऊ नाही असं मले वाटते. मलेच ती पाहिजे... राग आला तर उद्या बदली मागतो."

बायकांनी तोंडाला पदर लावले. बाचा चेहरा मला काही केल्या वाचता येईना.

"नायकाच्या पोरीले मागणं असं घालतात काय, गुरुजी? चारचौघांत?"

"चुकलंच माह्यं."

"अन् तिले विचारलं?"

"नाही... हिंमत नाही झाली."

बा माझ्याकडे वळले. अख्खा तांडा वळला. लाजेने मान वर होत नव्हती, पण आता गप्प राहिले असते तर जन्माचं चुकलं असतं.

"बा," मी म्हणाले, "महागावले नाही म्हणून कळव."