चौथऱ्यावरची खोली

त्या दुपारी तो निघाला होता तो फक्त ग्रीसचा डबा आणायला. इतक्या किरकोळ कामाची पुढं गोष्ट होईल, असं कुणी म्हटलं असतं तर त्यानं ते हसण्यावारी नेलं असतं.

तो पंपघरात कामाला होता. गावाचा खालचा भाग समुद्राच्या भरतीपेक्षाही सखल. मधे बांध होता म्हणून लोकांचे पाय कोरडे. गल्ल्यांतलं पाणी उतरून पंपघराच्या हौदात यायचं आणि पंप ते उचलून बांधापलीकडे फेकायचे. मोठ्या भरतीच्या वेळी पंप थांबले तर काय होईल, हे वस्तीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण पंप कधी थांबलेच नव्हते. त्याच वस्तीत दोन खोल्यांच्या घरात तो आणि त्याची बायको राहत होती. बायको शाळेचे गणवेश शिवायची. दिवस भरत आले होते, तरी तिचं मशीन काही थांबत नव्हतं.

आणि त्याची काळजी थांबत नव्हती.

बांधाच्या भिंतीवर शेवाळाची हिरवी रेघ होती. तो नोकरीला लागला तेव्हा ती त्याच्या गुडघ्याशी होती. आता कमरेशी आली होती. उन्हाळे असे झाले होते की पंपघराच्या लोखंडी दाराला हात लावायची सोय नव्हती. विहिरी मचूळ झाल्या होत्या. एरवी हे सगळं त्यानं पाहून सोडून दिलं असतं, पण बायकोला दिवस गेले आणि त्याची नजरच बदलली. आपण म्हातारे होऊ तेव्हा ही रेघ कुठं असेल, एवढ्यावर पूर्वी त्याचा विचार संपायचा. आता तो पुढं जायचा. हे बाळ म्हातारं होईल तेव्हा? कसल्या जगात बोलावतोय आपण त्याला? तेही न विचारता?

"अहो," बायको एकदा वैतागून म्हणाली होती, "पोटुशी मी आहे की तुम्ही? कूस मी बदलायची, तर तुमचीच वळवळ चाललीय सारखी."

तो हसला होता. पण मनातलं सगळं तिला सांगायची त्याची छाती झाली नव्हती.

तर त्या दुपारी. पंपघरातला त्याचा जोडीदार जेवायला घरी जायला निघाला. हा माणूस कानात कुजबुजला तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. दारातून तो ओरडला, "ग्रीसचा नवा डबा काल चौथऱ्यावर राहिला रे माझा! तेवढा आण!"

बांधाच्या टोकाला नवं झडपघर बांधायचं घाटत होतं. पाणी अडवायची झडप आणि तिचं चाक त्यात बसायचं होतं, पण अजून नुसता दगडी चौथरा झाला होता. डबा आणायला तो बांधावरून चालायला लागला तेव्हा ऊन होतं. अर्ध्या वाटेवर समुद्रावरून धुकं आलं. असं भर दुपारी, उकाड्यात धुकं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. हळूहळू पंपांची घरघर मागं विरत गेली. मग स्वतःच्या चपलांचा आवाजही कुणीतरी पुढं चालत असल्यासारखा येऊ लागला. ओल्या चुन्याचा वास आला, आणि त्यात कुठंतरी साबणाचा.

चौथऱ्यावर खोली उभी होती.

मजुरांनी एका रात्रीत भिंती चढवल्या म्हणावं, तर या भिंतींचा गिलावा ठिकठिकाणी सुटलेला. दाराचा रंग ऊन-वाऱ्यानं उडालेला. उंबऱ्याचा दगड मधोमध झिजला होता, वर्षानुवर्षं एकच माणूस तिथून आत-बाहेर करत असल्यासारखा.

"ये बाबा," आतून आवाज आला. "बाहेर का उभा?"

म्हातारीचा आवाज होता. लहानथोर कुणालाही आपण 'ये बाबा' म्हणतोच, त्यामुळं त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो आत गेला.

एक खाट, एक कंदील, दोरीवर वाळत घातलेले कपडे. मधोमध झडपेचं मोठं लोखंडी चाक, आणि त्याला ग्रीस लावत बसलेली एक म्हातारी. केस पांढरेशुभ्र, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. भोंग्याचा डबा तिच्या मांडीशी होता.

"आजी... तुम्ही इथं कशा?"

"ड्यूटी आहे माझी," ती म्हणाली आणि हसली. हसण्याआधी तिनं जीभ टाळ्याला लावून टचकन आवाज केला. त्याची बायको करते तसा. अगदी तसाच.

तिच्याकडे बघायचा त्याला धीर होईना. म्हणून त्यानं नजर खिडकीकडे वळवली.

खिडकीबाहेर धुकं नव्हतं. पाणी होतं. काचेच्या वरच्या कडेपर्यंत हिरवं, गढूळ, निवांत पाणी. एक मासा काचेजवळ येऊन वळला. पलीकडं, जिथं पंपघर असायला हवं, तिथं एक काळसर आकार पाण्याखाली दिसत होता.

"घाबरू नकोस," म्हातारी म्हणाली. "भरतीला असंच असतं. उतरेल थोडं."

"गाव... गाव कुठं गेलं?"

"वर. टेकडीवर राहतो आम्ही सगळे. मी कामापुरती येते खाली." तिनं चाकावरून मायेनं हात फिरवला. "खालची वस्ती सोडली तेव्हा सगळे रडले. मग वर गेल्यावर भांडलेसुद्धा, कुणाची खोली कुठं म्हणून. माणसंच ती."

मग त्यानं विचारलं. हा प्रश्न कितीतरी दिवस त्याच्या जिभेवर होता, पण तो एखाद्या म्हातारीला विचारायची वेळ येईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"कसं... कसं गेलं सगळं?"

ती ग्रीसचे हात पुसत विचार करत राहिली. खोटं सांगायचं नसलं की माणूस घेतो, तेवढा वेळ तिनं घेतला.

"उकाडा फार. काही वर्षं तर नकोशी गेली, खोटं कशाला बोलू? पण हसायला पुष्कळ मिळालं. शिकले. माणसं चांगली मिळाली. मला कुणी विचारलं ना, येतेस का पुन्हा, तर मी येईन." मग ती त्याच्याकडे टक लावून पाहत म्हणाली, "तू फार काळजी करायचास. आई सांगायची."

तेव्हा कुठं त्याला ते पहिलं 'बाबा' नीट ऐकू आलं.

तो दाराकडे सरकला. पळून जावं की तिच्या पायाशी बसून राहावं, त्याला कळेना. तिनं पुढं होऊन त्याचं मनगट धरलं. हात गार होता, आणि आतूनच ओला असल्यासारखा.

"आता जा. जाळीत शेवाळ अडकलंय. भरतीआधी काढ, नाहीतर पंप बसतील. आणि घरी ती... एकटी आहे ना..."

तो कसा धावला, त्याचं त्यालाच आठवत नाही. पंपघरापाशी आला तेव्हा ऊन लखलखत होतं. हौदाच्या तोंडाची जाळी खरंच शेवाळानं आणि कसल्या कसल्या चिंध्यांनी गच्च भरली होती. पंप धापा टाकत होते. त्यानं दाताळं घेतलं आणि ओढत राहिला. तेवढ्यात भोंगा आला. काही न विचारता त्यानंही हात घातला. जाळी मोकळी होते न होते तोच भरती लागली. असली भरती दोघांनीही पाहिली नव्हती. बांधावरून लाटेचा फेस आत उडत होता. पण पंप चालत राहिले आणि खालच्या वस्तीत कुणाचा उंबरासुद्धा भिजला नाही.

पाणी उतरल्यावर दोघं बांधाच्या टोकाला गेले. नुसता चौथरा होता. त्यावर डबा होता, गंजून चाळण झालेला.

"काल तर कोरा होता हा!" भोंगा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो हळू बोलला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. काळजीसुद्धा, पहिल्यापासून. ती मशीनवरचा हात थांबवून ऐकत राहिली. थट्टा करेल असं त्याला वाटलं होतं. तिनं केली नाही.

"खूश होती का ती?" तिनं एवढंच विचारलं.

"हो. खूश होती."

"मग झालं तर." तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "वेळ मिळेल तशी टेकडीवर जागा बघून ठेवू या. आत्ता नाही लागणार. पण बघून ठेवू."

मुलगी झाली. सुखरूप, टपोरी, आणि आवाज असा की भोंगा म्हणाला, माझी गादी हिलाच. काळजी गेली असं नाही. पण ती आता त्याला कामाला लावायची, बसवून ठेवायची नाही. सुट्टी मिळाली की वस्तीतली माणसं गोळा करून तो टेकडीवर जायचा. झाडं लागली, टाकी बांधली, दोन घरं उभी राहिली. झोप लागायला लागली त्याला. बायको म्हणायची, आता मीच जागी असते तुमच्या घोरण्यानं.

मुलगी चालायला, बोलायला लागली तेव्हाची गोष्ट. रविवारची सकाळ होती. तिघं बांधाच्या टोकाला, त्या चौथऱ्यापाशी बसले होते. वारा पडलेला, समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत. मुलगी आईचा हात सोडून कडेपाशी गेली आणि खाली पाण्याकडे पाहून हात हलवू लागली.

"कुणाला गं टाटा?" त्यानं हसत तिला मागून धरलं.

"बाळाला."

"कुणाच्या बाळाला?"

"माज्या." ती वळली, आणि ओठांवर बोट ठेवून अगदी पोक्तपणानं म्हणाली, "शू... निजलंय."

बायको खळखळून हसली. तोही हसला. मुलीला उचलून घेताना त्यानं सहज खाली पाहिलं.

सगळीकडं पाणी स्थिर होतं. भिंतीच्या पायथ्याशी तेवढ्या एका जागी मात्र ते हलत होतं. पाळण्यासारखं, इकडून तिकडं, तिकडून इकडं... हलकेच, कुणाची झोप मोडू नये इतक्या जपून.