हिरव्या टाकीतले दोन मासे

"आई, वर ये! दोन्ही गेले!"

थोरल्याची हाक गच्चीवरून आली आणि काकी चहा तसाच टाकून जिना चढली. गुडघे कुरकुरले. तिने त्यांना दाद दिली नाही.

गल्ली तिला काकी म्हणायची, घरचे आई. खाली माशांचं दुकान, मधे घर, वर गच्ची. तिन्ही ठिकाणी आवाज तिचाच.

गच्चीवरची सिमेंटची मोठी टाकी उन्हात होती. पाणी हिरवंगार, हात बुडवला तर बोटं दिसायची नाहीत. भिंतींवर शेवाळाची मऊ लव. नवखा माणूस नाक मुरडायचा, पण त्या घाणीवरच घर उभं होतं. शेवाळ खाऊन वाढलेला गोल्डफिश असा लालभडक व्हायचा की बाजारात तसा दुसरा मिळत नसे. टाकीत एकच जोडी, नर आणि मादी. तिच्या पिलांसाठी गिऱ्हाइकं दारात ताटकळायची.

आता थोरल्याच्या जाळीत दोन मासे निपचित पडले होते.

"हवेच्या पंपाची पिन बघ," थोरला म्हणाला. "बाहेर आहे. रात्री लावलाच नाही हिने."

ही म्हणजे धाकटी. काकीच्या मेलेल्या धाकट्या मुलाची बायको. ही टाकी त्यानेच बांधली होती, आणि तो गेल्यावर ती धाकटीच बघत होती. दिवसा उन्हात शेवाळ पाण्यात हवा सोडतं. रात्री तेच शेवाळ हवा ओढून घेतं. म्हणून अंधार पडला की पंप लावायचाच, हा घरचा नियम.

"मी लावला होता," धाकटी म्हणाली. "बुडबुडे बघूनच खाली आले."

"बुडबुडे फोनमधले असतील," थोरली सून जिन्यातूनच म्हणाली.

"तू गप," काकी म्हणाली, आणि धाकटीकडे वळली. "आधी माझा मुलगा खाल्लास, आता त्याचे मासे. आणि मी मूर्ख, परवाच सगळ्यांसमोर म्हणाले की गच्ची तुझ्या हवाली करते. ऊन उतरायच्या आत भावाकडे चालती हो."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. भावाच्या घरात तिला कोणी उभं करणार नव्हतं, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

काकीने एक मासा हातात घेतला. फिका, पिवळट नारिंगी.

"हा असा उतरलेला का?"

"मेल्यावर रंग जातोच, आई," थोरला लगेच म्हणाला.

जात असेलही. पण प्रश्न पुरता विचारून होण्याआधी उत्तर आलेलं काकीला आवडत नसे. धाकटी तिला आवडत नव्हती, हे खरं. पण आपल्याला कोणी बनवलं, तर ते तिला त्याहून नकोसं होतं.

"काल यांना खायला काय घातलंस?" तिने धाकटीला विचारलं.

"काही नाही. या टाकीत मी दाणे टाकतच नाही. शेवाळावरच असतात ते."

काकी मासा घेऊन स्वयंपाकघरात गेली. पाटावर ठेवला, सुरीने पोट फाडलं. आत तपकिरी लगदा. नाकाशी नेऊन हुंगला. मग सुरी धुतली, मासा झाकून ठेवला आणि कोणाला काही न सांगता दुकानात उतरली.

थोरली काउंटरवर होती. समोरच्या काचेच्या टाकीत स्वच्छ पाणी होतं.

"यातले ते दोन मोठे नारिंगी कुठे आहेत?"

"विकले."

"कोणी?"

"यांनी. काल दुपारी मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, तेव्हा. आले तर टाकीत नव्हते."

"कोणाला विकले?"

"मी नाही विचारलं. या घरात नवऱ्याला उलट विचारायची सोय आहे का?"

"तुझी जीभ कधीपासून सोय बघायला लागली?"



दुकानामागे पार्सलची खोली होती. खिडकी नाही, दिवा मिणमिणता. किल्ली थोरल्याच्या कमरेला. तो खोकी बांधत बसला होता. कोपऱ्यात एक पांढरा टब, त्यावर ओलं फडकं.

"यात काय आहे?"

"पार्सल. समोरच्या टाकीतले ते दोन नारिंगी. बाहेरगावच्या व्यापाऱ्याने घेतलेत. झाकण काढू नकोस, बिचकतात."

"खायला घातलंस?"

"आई, मी काय नवीन आहे? परवापासून उपाशी आहेत." प्रवासाला निघालेल्या माशाला खायला देत नाहीत. पोट रिकामं असलं की पिशवीतलं पाणी घाण होत नाही.

"काल दुपारपर्यंत तर ते समोरच्या टाकीत दाणे खात होते."

थोरल्याची सुतळी हातातच थांबली. "मग... कालपासून. तेच म्हणायचं होतं मला."

काकी खाली वाकली आणि फडक्याचा कोपरा उचलला. टबाच्या तळाशी हिरवे, दोऱ्यासारखे तुकडे पडले होते. तिने फडकं सोडलं आणि दोन्ही सुनांना हाक मारली.

अरुंद खोलीत चौघं दाटीने उभी राहिली.

"मी अडाणी बाई," काकी म्हणाली. "पण मासा चिरता येतो मला. वर मेलेला मासा शेवाळ खाणारा असता तर पोटात हिरवं निघालं असतं. निघाला दुकानातल्या दाण्यांचा लगदा. म्हणजे तो गच्चीवरचा नाहीच. तो समोरच्या काचेतला नारिंगी. आधी मारला, मग हिरव्या टाकीत सोडला. त्या पाण्यात आत काय आहे ते दिसतं कोणाला?"

"दुकानातले मासे तर पार्सलमध्ये आहेत," थोरला म्हणाला.

"मग त्यांची शी हिरवी का?"

"टबाला शेवाळ धरलं असेल."

"या अंधारात? शेवाळाला ऊन लागतं रे. माझ्या नातवंडांना सांग असल्या थापा."

तिने फडकं ओढून बाजूला फेकलं. पाण्यात रक्तासारखे लाल दोन मासे शेपट्या हलवत होते. धाकटीने तोंडावर हात ठेवला.

"जिवंत आहेत," ती पुटपुटली.

"पंपाची पिनही यानेच काढली, म्हणजे बोट हिच्याकडे जाईल," काकी म्हणाली. "बायकोलाही खोटं सांगितलं, म्हणून तर काचेतले मासे काल गेल्याचं ती बिनदिक्कत बोलून गेली. आता तू बोल. कशासाठी केलंस?"

 थोरला एकदम उसळला.

"कशासाठी? आयुष्यभर खोकी मी बांधली! आणि गच्ची या परकीला? तो व्यापारी जोडीसकट मला भागीदार करणार होता. इथे मी कोण आहे? हमाल!"

"मला म्हणालात विकले," थोरली म्हणाली. आवाजात नेहमीची धार नव्हती. "मला एकदा तरी खरं सांगायचं होतंत."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

"व्यापाऱ्याची गाडी ना?" काकीने हात पुढे केला. "किल्ली दे. मासे मिळणार नाहीत. भागीदार तेवढा घेऊन जा म्हणावं."

"आई, मी तुझा मुलगा आहे."

"होतास, म्हणून हात उचलला नाही."

किल्ली टेबलावर आपटून तो गेला. थोरली त्याच्या मागे दारापर्यंत गेली, आणि उंबरठ्याशी थांबली. टेम्पो निघून गेला.

काकीने घसा साफ केला. "काय गं, उभी काय? मासे वर न्यायचेत."

धाकटी हलली नाही. "सकाळी मला काय म्हणालात, ते परत घ्या."

"डोक्यात राख घातली होती मी."

"परत घ्या."

 थोरली दारातून बघत होती. सुनेसमोर सुनेने वाकवलेलं काकीला कधी खपलं नव्हतं.

"घेतलं," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

"माझ्याकडे बघून."

काकीने मान वळवली. धाकटीचे डोळे कोरडे होते.

"घेतलं म्हटलं ना."

मग ती टबाची एक बाजू धरायला पुढे झाली.

"सरका," धाकटी म्हणाली. "पाणी हिंदकळेल."

काकी भिंतीला पाठ लावून उभी राहिली, आणि धाकटी टब घेऊन तिच्या अंगावरून पुढे गेली.