ब्रेक लिहिलेला होता

हे माझ्या डोळ्यांदेखत घडले आहे. ज्यांना कल्पित वाटेल त्यांनी खुशाल वाद घालावा. मी स्वतः आयुष्यभर तेच करीत आलो आहे.

सन २००२. श्रावणातली कुंद दुपार. महाडच्या बाजारपेठेतला माझा संगणकवर्ग.

वर्गात मी आणि मीना, दोघेच. मीना घाटावरच्या कुडपण गावची. तिला घरी न्यायला तिचे वडील रायबा जीपने घाट उतरून येणार होते.

त्या दिवशी मी प्रोग्रॅममधला स्विच शिकवला होता. आकडा द्यावा, जुळेल ती केस, म्हणजे त्या आकड्याखालची ओळ, चालते. केसच्या शेवटी ‘इथे थांब’ सांगणारा ब्रेक नसेल, तर संगणक खालचे सारे ओळीने चालवत सुटतो. एकही केस जुळली नाही, तर डिफॉल्ट.

मीनाने वाटेवरची ठिकाणे घेतली होती. कुडपण, घाट, पोलादपूर, महाड. डिफॉल्टमध्ये लिहिले होते, ‘गाडी आली नाही’.

तिने एक दाबला.

कुडपण.

घाट.

...गाडी आली नाही.

“ब्रेक विसरलीस,” मी म्हणालो.

“नाय सर. सगल्या ठिकानी हाय. बघा तुम्ही.”

मी पाहिले. ब्रेक लिहिलेला होता. शिवाय तो गळाला, तरी संगणक मधली पोलादपूर आणि महाड वगळूच शकत नाही. तर्काने ते अशक्य आहे.

पुन्हा चालवला.

तेच.

इतक्यात वीज गेली. पंखा थांबला. खालचा बाजार गप्प झाला... पडद्यावरची शेवटची ओळ मात्र विझली नाही. बॅटरी असेल, असे म्हणाल. ती होळीपासून दुरुस्तीला होती.

मीना उठली. “सर, फोन करू? आबांना सांगते, बसू नका.”

“मशीनच्या चुकीवरून?”

“तुम्हीच बोलता ना, मशीन चुकत नाय, लिवनारा चुकतो.”

मी फोन तिच्याकडे सरकवला.

रायबा कुडपण फाट्यावर दत्तारामच्या दुकानात जीपची वाट पाहत होते. तिथे फोन होता. पलीकडून त्यांचा आवाज आला, “येडी का काय गो तू? बरं, नाय बसत. चहा घेतो.”

जीप त्यांच्याशिवाय निघाली. घाटात तिचा ब्रेक निकामी झाला. डोंगराला आदळून ती थांबली; मागचे आसन पार चेपले. ड्रायव्हर रावजी वाचला. गाडीत दुसरे कोणीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मीना, रायबा आणि मी त्याला पाहायला दवाखान्यात गेलो.

रावजी रायबांकडे बघतच राहिला.

“तुला लागलं नाय?”

“मी कुठं होतो गाडीत?”

“मस्करी करू नको. मागं बसलेलास. सारखा बोलत होतास... डोंगराकडं घे, डोंगराकडं घे.” त्याचा आवाज उतरला. “म्हनून तर घेतली. दुसऱ्या अंगाला दरी होती.”

मी आजही स्विच शिकवतो. डिफॉल्टसाठी माझे एक ठरलेले वाक्य आहे : वरीलपैकी कोणीही नसेल, तेव्हा येतो तो...

तिथवर येतो, आणि फळा पुसू लागतो.