पायवाटेवरचं जाळं

सप्टेंबरातल्या एका सकाळी लव्हिना कॉर्कम तांबड्या कापडाच्या शोधात घराबाहेर पडली. कापड तांबडं हवं होतं, पण वीटकरी नको आणि मरून तर मुळीच नको. थंडी पडायला लागली की ब्लूबेरीची झुडपं ज्या रंगानं पेटतात, नेमका तो रंग हवा होता. गावातल्या दुकानात तो मिळाला नाही. मिळाला तो तिची मैत्रीण हेस्टर वेंट्झेल हिच्या कपाटात, हेस्टरच्या नवऱ्याच्या जुन्या फ्लॅनेलच्या शर्टात.

"घे, फाड," हेस्टर म्हणाली. "उभा जन्म हा शर्ट धुतलाय मी. आता तरी कुणाच्या कामी येऊ दे."

"अगं, ऑर्विलला विचारलंस का?"

"ऑर्विल झोपलाय. झोपलेला माणूस कधी नाही म्हणत नाही, लव्ही."

नोव्हा स्कोशियाच्या त्या किनाऱ्यावर बायका पूर्वीपासून गोधड्या शिवत आल्या होत्या. या दोघी चित्रगोधड्या शिवायच्या. आवडता फोटो घ्यायचा, मोठा करून आणायचा, त्यावर पातळ कागद ठेवून डोंगर, पाणी, झाडं यांच्या रेघा उतरवून घ्यायच्या, आणि मग रंगांच्या जागी चिंध्या. हेस्टर दीपगृहं शिवायची, कारण पर्यटक ती घेतात. लव्हिनाचं मात्र दोन वर्षं सुईवर मन बसत नव्हतं. तिचा नवरा एल्रॉय, रँडी आणि क्लाइड असे तिघं ज्या बोटीवर होते ती दोन वर्षांपूर्वी परत आली नाही. माणसं सापडली नाहीत. बोटीचं एक झाकण तेवढं किनाऱ्याला लागलं.

आता तिनं फ्रिजवर चिकटवलेला त्याचा फोटो उतरवला होता. म्हणजे त्यानं काढलेला. शेवटच्या शरदात ती दोघं गल पॉइंटला गेली होती, तेव्हाचा. तांबडा पेटलेला उतार, कड्याच्या काठाकाठानं जाणारी पायवाट, टोकाला एकच स्प्रूसचं झाड आणि पलीकडे समुद्र. फोटोत माणूस कुणीच नव्हतं. पण तो काढताना एल्रॉय काहीतरी गुणगुणत होता, हे तिला आठवत होतं, आणि ते आठवतं याबद्दल ती देवाचे आभार मानायची.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत काम सुरू झालं. आभाळ जुन्या चादरीचं झालं, समुद्र एल्रॉयच्या कामावरच्या निळ्या शर्टाचा, उतार ऑर्विलचा. पायवाटेसाठी पिठाच्या पोत्याचं मऊ पडलेलं कापड मिळालं. ती पायवाट शिवून लव्हिना झोपायला गेली, आणि कितीतरी महिन्यांनी तिला गाढ झोप लागली.

सकाळी कॉफीचा कप घेऊन ती वर आली. पायवाटेवर, झाडाच्या जरा अलीकडे, कुणीतरी आडवे टाके घातले होते.

टाके म्हणावेत तर तेही नव्हते. त्या गाठी होत्या. बारीक काळपट दोऱ्याच्या, एकीला एक अडकवून बांधलेल्या, मधे चौकोनी डोळे सोडलेले. कोळ्याच्या घरात जन्म काढलेल्या बाईला ते काय आहे हे कुणी सांगायला नको होतं. फाटलेलं जाळं सांधतात तसं जाळं होतं ते, बोटभर रुंदीचं.

तिनं खाली येऊन थोरल्या दिराला, एमोसला, फोन लावला.

"एमोस, तू काल जेवायला आलास तेव्हा माझ्या गोधडीला हात लावलास?"

"मी? पोरी, सुईचं भोक बघायला मला दुर्बीण लागते. आणि तुझा तो जिना! माझे गुडघे त्याला हात जोडून लांबूनच नमस्कार करतात."

ते खरंच होतं. एमोस कित्येक दिवसांत वर चढला नव्हता. लव्हिनानं गाठी उसवल्या. दोरा ओलसर होता. त्याला डांबराचा वास होता, एल्रॉयच्या कोटाला यायचा तसा. तिनं बोट जिभेला लावून पाहिलं. खारट.

दुसऱ्या सकाळी जाळं पुन्हा होतं. या खेपेला जास्त रुंद, पायवाटेच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, आणि खोलीभर ओहोटीच्या वेळचा वास... शेवाळाचा, भिजलेल्या लाकडाचा. खिडकी बंद होती. लव्हिना खुर्चीवर बसली. पळून जावंसं वाटत नव्हतं.

"एल्रॉय?" तिनं हलकेच विचारलं. "तू आहेस का...?"

खाली स्वयंपाकघरात फ्रिज गुरगुरला. बाकी काही नाही. तिनं तळहात जाळ्यावर ठेवला आणि पुष्कळ वेळ तसाच राहू दिला. त्या दिवशी तिनं एकही गाठ उसवली नाही.

शनिवारी दुपारी हेस्टर आली. "चल, गल पॉइंटला जाऊ. खरा रंग बघून घे, नाहीतर माझ्या नवऱ्याच्या शर्टाची बदनामी करशील."

लव्हिनानं तिला जाळ्याचं काही सांगितलं नव्हतं. कसं सांगायचं? दोघी गेल्या. उतार फोटोतल्यासारखाच पेटला होता, आणि लव्हिनाला उगाचच हसू येत होतं. पण अर्ध्या वाटेत समुद्रावरून धुकं चढलं. भर दुपारी आभाळ गेलं, पाणी गेलं, मग उतारही गेला. खाली दूरवर पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाची घंटा तेवढी वाजत होती. थांबायची... पुन्हा वाजायची. हेस्टर पुढे चालली होती आणि चर्चच्या गेल्या वर्षीच्या सुगीच्या जत्रेत कुणाचा ब्लूबेरी पाय ओव्हनमध्ये कसा करपला होता ते सांगत होती.

एकाएकी डांबराचा वास आला.

लव्हिनाच्या चेहऱ्याला काहीतरी लागलं. आधी कपाळाला, मग ओठांना. कोळिष्टक लागावं तसं बारीक, पण गार आणि ओलं. तिनं हातानं बाजूला सारलं. तुटलं नाही. ती एक पाऊल पुढे रेटली, तर त्यानं तिला मागे ढकललं. अगदी हळुवार, जसं एखादं माणूस छातीवर हात ठेवून थांबवतं.

"हेस्टर, थांब!"

"आता काय राहिलं? गॅस बंद करायचा?"

"थांब म्हणते ना...!" लव्हिनानं हात लांब करून तिच्या कोटाचा पट्टा धरला आणि सगळा जोर लावून मागे ओढला. दोघी झुडपांत बसकण मारून पडल्या.

"वेडी झालीस का तू? अगं, ते काय झाड दिसतंय समोर. वाट सरळ..."

हेस्टरचं वाक्य पुरं झालं नाही. जाडं कापड कुणी सावकाश, दोन्ही हातांनी फाडावं तसा आवाज आला. पायाखालची जमीन थरथरली. धुक्यात अंधुक उभं असलेलं ते स्प्रूसचं झाड वाकलं नाही, कलंडलं नाही. उभंच्या उभं खाली गेलं. बऱ्याच वेळानं पाण्याचा आवाज वर आला.

त्यांच्या बुटांपासून हाताच्या अंतरावर पायवाट संपली होती.

किती तरी वेळ दोघी एकमेकींना धरून बसल्या. मग हेस्टर कुजबुजली, "तुला... कसं कळलं?"

"मला नाही कळलं," लव्हिना म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते धुक्याचं नव्हतं. "त्याला कळलं होतं."

तिनं सगळं सांगितलं. एरवी हेस्टरनं थट्टा केली असती. त्या दिवशी तिनं फक्त लव्हिनाचा हात दाबला. दुसऱ्या दिवशी ती गरम ब्लूबेरी पाय घेऊन आली, तीन बश्या काढल्या, तिसऱ्या बशीत सगळ्यात मोठा तुकडा वाढला आणि रिकाम्या खुर्चीसमोर ठेवून म्हणाली, "उपकार झाले रे बाबा. ऑर्विलच्या वतीनंसुद्धा."

लव्हिनानं गोधडी पुरी केली. जाळं तसंच ठेवलं. वरून धुक्यासाठी करड्या झिरझिरीत कापडाचा एक पदर चढवला, आणि सुगीच्या जत्रेत ती चर्चच्या हॉलमध्ये टांगली. लोक विचारायचे, हे बारीक काम कुणाचं? ती म्हणायची, "आमच्या घरचंच माणूस आहे." इतकं हलकं तिला कधीच वाटलं नव्हतं.

संध्याकाळी एमोस आला. हॉलला जिना नव्हता. त्यानं चष्मा पुसला, गोधडीच्या अगदी जवळ गेला आणि गाठींवरून बोट फिरवू लागला.

"पोरी," तो म्हणाला, "ही गाठ एल्रॉयची. डावखुरा होता ना, त्याची उलटी पडायची. आणि ही रँडीची, कायम घाईत. ही क्लाइडची. बघ, शेपूट केवढं सोडलंय, उधळ्या मेला."

बोटीवरचे तिघंही. लव्हिनानं एकेका गाठीवर बोट ठेवलं. म्हणजे एकटा एल्रॉय नव्हता. तिघं येऊन त्या कड्यावर उभे राहिले होते, दोन म्हाताऱ्यांसाठी. प्रत्येकाचं नाव घेऊन हात जोडावेसे वाटले तिला.

"आणि ही रे?" तिनं कडेच्या एका सैल फाशाकडे बोट दाखवलं. त्याची गाठ अजून आवळलेली नव्हती.

एमोसनं चष्मा काढून पुन्हा पुसला. मागे कुणीतरी मोठ्यानं हसलं, कप वाजले.

"ही... माझी," तो म्हणाला.

"काहीतरीच काय!"

"दोनदा फिरवून मग आत घ्यायची. आमच्या बापानं मला शिकवलेली. एल्रॉयला कधी जमली नाही. दुसरं कुणी अशी बांधत नाही, लव्हिना." तो म्हणाला, "त्या दिवशी माझी दाढ सुजली होती. नाहीतर मीही असतो ना बोटीवर."

एमोसच मग हसला, खरंखुरं, डोळ्यांपर्यंत पोचलेलं. "जागा राखून ठेवलीय पोरांनी. बरं वाटलं गं. चल, ब्लूबेरी पायचा एक तुकडा दे. न करपलेला."

गोधडी तिनं विकली नाही. ती वरच्या खोलीत आहे. एमोस दर रविवारी जेवायला येतो, माशाची आमटी दोनदा मागून घेतो, गुडघ्यांना शिव्या देतो. लव्हिना रोज सकाळी तिघांची नावं घेऊन आभार मानते, मनापासून. मग तिची नजर कडेच्या फाशाकडे जाते. एकदा तो उसवायला तिनं कात्री हातात घेतली होती. पण बाकीचं जाळं त्यालाच अडकवलेलं होतं, आणि हात पुढे झाला नाही.

हॉलमध्ये त्या फाशातून तिची करंगळी सहज गेली असती. परवा तिनं लावून पाहिली, गेली नाही; गाठ आवळत चालली होती. सुई तेवढी गेली, आणि बाहेर आली ती ओली होती.