डाव्या हाताचा पीळ

हे माझ्यासोबत घडलंय. कुणाच्या आत्याच्या शेजारणीसोबत नाही.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सेरवा, करंटवर विश्वास ठेवणारी बाई. शाळा सहावीपर्यंत. गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम मला कुणी शिकवलं नाही, नवऱ्याच्या पाठीमागे उभी राहून बघून बघून शिकले. करंट दिसत नाही, पण बोट लावलं की कळतो. त्याच्या पलीकडचं मला काही कळत नाही.

पण त्या दिवशी बॅटरीची तार मी माझ्या हाताने काढून ठेवली होती.

हे आधीच सांगून ठेवते. पुढे लागेल.

गाव कुमासी, घानातलं. सुआमे मॅगझिन, म्हणजे आमची गॅरेजांची वस्ती. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारीतला शनिवार. आणि वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे दोन वाजले होते.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी शनिवारी दुपारी मॅगझिनमध्ये एकटं बसून बघावं. एरवी इथे इतकी ठोकाठोक असते की स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. पण शनिवार हा मयतांचा दिवस. सगळी माणसं काळे-तांबडे कपडे घालून कुणाच्या ना कुणाच्या अंत्यविधीला गेलेली असतात. त्यात धुळीचा वारा सुटलेला. शेडमधल्या प्रत्येक वस्तूवर पिठासारखा थर बसला होता.

शेजारच्या शेडमध्ये तेवढा न्टी नावाचा म्हातारा लोहार ऐरणीवर काहीतरी ठोकत होता. ठण... ठण... ठण...

तेवढीच सोबत.

काम कसलं होतं, तेही सांगते. ट्वुम नावाचा एक बर्गर आला होता. जर्मनीत राहून परत आलेल्यांना आम्ही बर्गरच म्हणतो. त्याने हॅम्बुर्गच्या बंदराजवळच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातून एक स्पोर्ट्स कार आणली होती. चंदेरी, दोन दारांची. आधीचा मालक कोण, कुणी कुठे दुरुस्त केली, काही माहीत नाही. तिच्या मागच्या झाकणावर मोटरवर चालणारा स्पॉयलर. आम्ही त्याला पंख म्हणतो. गाडीने वेग घेतला की तो आपोआप वर येतो, आणि मोठेपणा दाखवायचा असेल तर बटण दाबूनही उठवता येतो.

ट्वुमचा उजवीकडून उठायचा आणि डावीकडून बसून राहायचा. लंगड्या कोंबडीसारखा.

"सिस्टर, चारच्या आत हा उठला पाहिजे. मयताला जायचंय," तो म्हणाला.

मयताला चाललाय की उडायला, असं मी विचारलं.

"मामा गेलाय माझा. जन्मभर म्हणायचा, हा पोरगा कुठे पोचायचा नाही. आता पडल्या पडल्या बघू दे."

तो गाडी सोडून जेवायला गेला. मी हसले. मग हसू गेलं, कारण पुढच्या शनिवारी आमच्याकडेच मयत होतं.

माझ्या नवऱ्याचं. डार्कोचं.

त्या शनिवारच्या बारा वर्षं आधी तो वाळवंट ओलांडून लिबियाला गेला. शेवटचा फोन समुद्राकाठून आला होता. उद्या नाव निघणार, हॅम्बुर्गला पोचलो की फोन करतो, नंबर बदलू नकोस. त्या आठवड्यात तिकडे एक नाव बुडाली. त्यात तो होता की नव्हता, हे सांगणारं कुणी भेटलं नाही.

मी नंबर बदलला नाही. तीन फोन बदलले. नंबर तोच.

मयत करायचं ते त्याच्या आईकडच्या माणसांनी, असा आमचा रिवाज. आणि त्याची बहीण अफ्राकोमा दर वर्षी मला एकच विचारायची. "माझा भाऊ मेला म्हणायची तुला एवढी घाई का गं? नवा बघून ठेवलायस?"

कुणी बघून ठेवला नव्हता. मला फक्त कळायला हवं होतं की मी त्याची बायको आहे की विधवा. बायको असेन तर शिव्या द्यायला मोकळी. विधवा असेन तर रडायला. बारा वर्षं मला दोन्ही करता आलं नव्हतं.

मग सासू गेली. जाताना म्हणाली, माझ्याबरोबर माझ्या पोरालाही रडून घ्या. तेव्हा कुठे अफ्राकोमा नमली. प्रेत नाही, तर फोटो ठेवायचा ठरला. माझं काळं कापड शिंप्याकडे पडलं होतं. आणखी सात दिवस, की मला माझं नाव मिळणार होतं.

तर... कामाकडे येते.

बॅटरीची तार काढली. मागच्या झाकणाचं आतलं अस्तर काढलं. या पंखाची रचना सोपी असते. मधे एक मोटर. तिच्यातून दोन केबली निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. मोटर फिरली की केबली पीळ भरत फिरतात आणि दोन बाजूंचे दोन हात उचलतात. केबलीचं टोक चौकोनी असतं. ते घासून गोल झालं की ती जागच्या जागी फिरत बसते, हात उचलत नाही. डावीकडचं टोक नक्की घासलं असणार.

मी वाकले. तोंडात दोन स्क्रू. हातात पक्कड.

आणि मागून आवाज आला...

"आगो."

आमच्याकडे कुणी दार ठोठावत नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून आगो म्हणायचं. आतल्याने आमे म्हटलं, की आत यायचं. आमे म्हटल्याशिवाय कुणी येत नाही. दिवसातून पन्नास वेळा होतं हे. विचार करून कुणी बोलत नाही.

मीही केला नाही. तोंडात स्क्रू धरूनच म्हणाले...

"आमे."

कुणी आत आलं नाही.

मी वळून बघितलं. शेडच्या तोंडाशी कुणी नव्हतं. वाटलं, न्टी म्हातारा चेष्टा करतोय. मग लक्षात आलं...

ऐरणीचा आवाज थांबला होता.

मी हाक मारली. बाहेर जाऊन बघितलं, त्याच्या शेडला कुलूप. म्हातारा केव्हाच गेला होता.

परत येताना मी जमिनीकडे बघितलं. धुळीत माझीच पावलं होती. जाणारी आणि येणारी.

तिसरी नव्हती.

उष्म्याने डोकं फिरलंय, असं स्वतःला सांगितलं. पाणी प्यायले. पुन्हा वाकले. पक्कड उचलायला उजवीकडे हात नेला.

पक्कड उजवीकडे नव्हती.

डावीकडे होती.

ठीक. विसरले असेन. मी ती उचलून उजवीकडे ठेवली. मुद्दाम, नीट बघून. एक बोल्ट सैल केला. हात नेला...

पक्कड डावीकडे.

अंगावर काटा आला तो तेव्हा. कारण डार्को डावखुरा होता.

आमच्याकडे डावा हात म्हणजे शिवी. डाव्या हाताने काही दिलं-घेतलं तर म्हातारी माणसं तोंड फिरवतात. डार्कोचा डावा हात लहानपणी छड्या मारून मारून सुजवला होता. म्हणून चारचौघांत तो उजव्याने काम करायचा, आणि शेडमध्ये कुणी नसलं की हळूच डाव्याने. त्याचं खरं काम डाव्या हाताचंच. माझ्याशिवाय ते कुणी बघितलेलं नव्हतं.

मला पळून जायचं होतं. पण हात... हात काम करत राहिले. हातांना तेवढंच येतं.

मी डावी केबल बाहेर ओढली.

टोक घासलेलं होतंच. पण ते आधीही एकदा कुणीतरी दुरुस्त केलं होतं. टोकाभोवती पत्र्याची बारीक पट्टी गुंडाळलेली. वरून तांब्याची तार.

पट्टी आतून सोनेरी होती. टोमॅटोच्या डब्याचा पत्रा.

जर्मनीतला कोण कारागीर टोमॅटोचा डबा कापून स्पोर्ट्स कार दुरुस्त करेल? ही तर आमच्या मॅगझिनची रीत.

तारेचे वेढे मोजले. सात. आणि उलटे. उजव्या हाताच्या माणसाचे वेढे जिकडे जातात, त्याच्या विरुद्ध. शेवटी तारेचं टोक आत दुमडून दाबलेलं...

मी खालीच बसले. धुळीत.

लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याने बांधलेल्या तारेचं टोक माझ्या बोटात घुसलं होतं. चांगलं खोल. तेव्हापासून तो प्रत्येक तारेचं टोक आत दुमडायचा. कुणी कारण विचारलं तर म्हणायचा, घरात एक बोट आहे.

म्हणजे तो बुडाला नव्हता. तो हॅम्बुर्गला पोचला होता.

मी वेढे सोडले. पट्टी उलगडली. बाहेरच्या बाजूला डब्यावरची छापील तारीख अर्धी उरली होती. माल कधीपर्यंत चांगला, ती. महिना कापला गेला होता. वर्ष शाबूत होतं.

तो गेला त्यानंतरचं नववं वर्ष.

टोमॅटोचा डबा दोन-तीन वर्षं टिकतो. मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. सहा-सात वर्षं तरी तो तिकडे जिवंत होता. डबे उघडत होता. जेवत होता. तारेची टोकं आत दुमडत होता, कुणाचंही बोट नसताना. की होतं एखादं?

आणि फोन एकदाही नाही.

मी मोठ्याने बोलले. रिकाम्या शेडमध्ये. "डार्को, तू मेलास की नाही, एवढंच सांग."

आणि पंख हलला...

बॅटरीची तार सुटी पडली होती. डावी केबल माझ्या मांडीवर होती. मोटरचा आवाज नाही. तरी पंख उठत होता. दोन्ही बाजूंनी सारखा, सावकाश, जड झाकण कुणीतरी दोन हातांनी उचलावं तसा.

अर्ध्यावर थांबला.

ना वर, ना खाली.

मग आवाज आला. या वेळी शेडच्या तोंडाशी नव्हता. गाडीच्या पलीकडून होता. मी बसले होते तिथून तीन हातांवर.

"आगो."

मी तोंड उघडलं. सवयीने.

आणि मिटलं.

"आगो."

बारा वर्षं मी प्रत्येक फोनला, प्रत्येक पावलाला, प्रत्येक बर्गरला मनातल्या मनात आमे म्हणत होते. कुणी आलं नव्हतं. आणि आता आलं होतं ते काय होतं?

तिसऱ्यांदा अगदी हळू आला. आजारी माणसाने पाणी मागावं तसा.

"आगो..."

मी हाताने तोंड दाबून धरलं. तळहाताला वंगण होतं, त्याची चव अजून आठवते.

मी आमे म्हटलं नाही.

किती वेळ गेला ते माहीत नाही. मग पंख खाली गेला. झोपलेल्या घरात कुणी दार ओढून घ्यावं, तसा. आवाज न करता.

चारला दहा कमी असताना ट्वुम आला. तोवर मी केबलीला माझी पट्टी गुंडाळली होती, माझी तार, सरळ सात वेढे, उजव्या हाताचे. बॅटरीची तार जोडली, बटण दाबलं. पंख दोन्हीकडून झकास उठला. ट्वुम खूश. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "सिस्टर, मामा माझा मेलाय, तुमचा चेहरा का उतरलाय?"

पुढच्या शनिवारी मी काळं नेसले.

तारखेचं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मयत थांबलं असतं, आणि मी पुन्हा बारा वर्षं दाराकडे बघत बसले असते. पट्टी मी फोटोच्या चौकटीत मागून सरकवली. तिच्यासकट फोटोला सगळे रडले. अफ्राकोमा माझ्या गळ्यात पडून म्हणाली, आता तरी शांत झोप. मीही रडले. काय म्हणून रडले, ते माझं मलाच ठाऊक.

इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं.

आठ महिन्यांनी ट्वुम परत आला. पंख चांगला होता, मागचा एक दिवा लागत नव्हता. दिव्यासाठी अस्तर काढावंच लागतं. मी त्याला विचारलं, मधे कुणी उघडलं होतं का. तो म्हणाला, तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देतोय मी? कुणी उघडलं तर कळावं म्हणून अस्तराच्या स्क्रूंवर मी लावलेला लाल रंगाचा ठिपका तसाच होता. न फुटलेला.

मी डाव्या केबलीचं टोक बोटाने चाचपलं.

पट्टी माझीच होती.

तार माझीच होती.

वेढे उलटे होते...

रानातल्या बुटक्या भुतांचे पाय उलटे असतात, असं आमच्याकडे पोरांना सांगतात. हातांचं कुणी सांगितलं नव्हतं.

मी पटकन हात मागे घेतला, आणि काहीतरी टोचलं. चांगलं खोल. बोटातून रक्त आलं.

या वेळी टोक आत दुमडलेलं नव्हतं.

मेलेल्या माणसाला मी दारातून परत पाठवलं, की जिवंत माणसाला पुरून टाकलं, ते मला अजून माहीत नाही. गिऱ्हाइकं कुरकुरतात, सेरवा हल्ली आगोला उत्तर देत नाही म्हणून. समोर येऊन तोंड दाखवा, मग बोलते, असं मी सांगते.

फोनचा नंबर तोच आहे. पण अनोळखी नंबर दिसला की मी फोन उलटा ठेवते, आणि वाजू देते...

थांबेपर्यंत.